कोंबडी परत परत रवणीला बसते, अंडी बंद होतात, काय करायचं?

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्चात माझ्याकडे चौदा कोंबड्या होत्या आणि दिवसाला अंडी मिळायची तीन, कधी कधी दोनच. खाणाऱ्या चौदा आणि घालणाऱ्या तीन. उरलेल्यांतल्या सहा जणी खुराड्यात एकमेकींना चिकटून फुगून बसलेल्या, हात घातला की टोच मारायची आणि वर घुर्रर्र. रविवारी रस ऑम्लेट करायला नवऱ्याला दुकानातून अंडी आणायला लागली तेव्हा तो काय बोलला ते इथे लिहीत नाही. एप्रिलात एकेक उठल्या, जूनमध्ये त्यातल्याच चार परत बसल्या, मग चवथीच्या आधी परत. म्हणजे वर्षभर हाच खेळ. घाटावर याला खुडूक होणं म्हणतात, आमच्या गोव्यात डिचोलीकडे रवणीला बसली म्हणतात, दोन्ही एकच, म्हणजे अंडी उबवायला घरट्यात बसून राहणं.

मला यातून बाहेर पडायला दीड वर्ष लागलं आणि त्यात बऱ्याच चुका केल्या म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे ती खरंच रवणीला बसलीय का ते बघा, कारण मी एकदा आजारी कोंबडीला खुडूक समजून चार दिवस तशीच ठेवली आणि ती गेली. खुडूक कोंबडी रागीट असते, पिसं फुलवून ताटासारखी चपटी होऊन बसते, जवळ गेलं की आवाज काढते, आणि दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटांत घाईघाईने खाऊन, पाणी पिऊन, एक भलामोठा घाण वासाचा शेणाचा गोळा टाकून परत घरट्यात. तो गोळा एकदा बघितला की विसरत नाही माणूस. तुरा फिका पडतो. पोटाखाली हात घातलात तर पिसं गेलेली असतात आणि कातडी गरम लागते. याउलट जी कोपऱ्यात डोळे मिटून मान आत घेऊन बसलीय, टोचायला पण येत नाही, ती आजारी आहे. आणि जी शेपूट खाली पाडून उभीच्या उभी राहते, मधेच जोर लावते, तिच्या पोटात अंडं अडकलेलं असू शकतं, तिला लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं. तसंच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिसं झडतात तेव्हाही अंडी थांबतात, पण तेव्हा ती घरट्यात बसत नाही, नुसती भिकाऱ्यासारखी दिसत अंगणात फिरते.

मी स्वतः कशी खात्री करते सांगते. रात्री अंधार पडल्यावर जाऊन बघते. बाकीच्या दांडीवर आणि ही घरट्यात. सलग दोन रात्री घरट्यात असली की समजायचं.

आता हे होतं कशाने. कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिथून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढायला लागतं, ते वाढलं की अंडी घालणं बंद आणि बसणं सुरू. दिवस मोठा व्हायला लागला, हवा गरम झाली, घरटं अंधारं आणि उबदार असलं आणि त्यात अंडी साठलेली पोटाला लागत राहिली की हे हार्मोन चढतं, आणि बसून राहिली की अजून चढतं, म्हणजे ती बसते म्हणून बसतच राहते. हे चक्र लक्षात ठेवा, उपाय सगळा यातच आहे. आपल्याकडे फेब्रुवारीपासून मेपर्यंत याला सगळं अनुकूल, त्यात पत्र्याचं खुराडं असलं की भट्टीच.

पण चौदातल्या सहाच का बसल्या, बाकीच्या त्याच खुराड्यात, तेच दाणे खाऊन का नाही बसल्या? तर जात. हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

झालं असं की त्याच्या दोन वर्षं आधी पोरांच्या हट्टाने एका माणसाकडून सिल्कीची जोडी आणली होती. सिल्की माहीत असेल, पांढरी कापसासारखी, पायाला पाच बोटं, आत कातडी काळी. तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनकडच्या हकिगतीत मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्या लिहिल्यात त्या बहुतेक याच. तर सिल्की म्हणजे रवणीला बसण्यात एक नंबर, जगात कुठेही विचारा. दहा-बारा अंडी घातली की बसली, अंडी काढून घेतली तरी बसली, रिकाम्या घरट्यात बसली, गोट्यावर पण बसली. विकणाऱ्याने "भरपूर अंडी देते मॅडम" सांगितलेलं. मादी पहिल्याच पावसात गेली, कारण तिच्या पिसांना पाणी थोपवता येत नाही, स्पंजसारखी भिजते, आणि आमच्या गोव्याचा जुलै काय असतो तुम्हाला माहीतच आहे. कोंबडा मात्र जगला. आणि त्या वर्षी मी नवीन पिल्लं काढली त्यांचा बाप तोच होता, कारण दुसरा कोंबडा मुंगसाने नेला होता. त्या मार्चात बसलेल्या सहाच्या सहा त्याच्या मुली, पिसं गावठीसारखी पण पायाला पाच बोटं. मी एकेकीचा पाय उचलून बघितला तेव्हा खरं सांगते हसू की रडू कळेना.

म्हणजे रवणीला बसायचा गुण रक्तातून येतो, आणि आईकडून येतो तसा बापाकडूनही. कोंबडा स्वतः कधी बसत नाही म्हणून कोणी तिकडे बघत नाही.

तर बाहेरच्या फॅन्सी जातींचं असं, सिल्कीखालोखाल कोचीन आणि ब्रह्मा. कोचीन म्हणजे केरळचं कोची नव्हे हं, ती चीनकडची, १८४० च्या सुमारास इंग्लंडात पोचली आणि तिकडे तिचं वेडच लागलं लोकांना. ब्रह्मा नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं पण कोंबडी शांघायकडून अमेरिकेत गेलेल्या पक्ष्यांतून तयार झाली. दोन्ही पायांवर पिसं असलेल्या, हत्तीसारख्या, बसायला तयार, फक्त वजनाने अंडी फुटतात आणि पिल्लं पायाखाली येतात. ऑर्पिंग्टन आणि ससेक्स या इंग्लंडच्या, त्याही बऱ्यापैकी बसतात, स्वभावाने गरीब. वायंडॉट, प्लिमथ रॉक मधल्या, एखादी बसेल एखादी नाही. ऱ्होड आयलंड रेड क्वचित. आणि लेगहॉर्न, मिनोर्का जवळपास नाहीच. लेगहॉर्न इटलीची, पांढऱ्या अंड्यांचे फार्म सगळे तिच्या रक्तावर चालतात, आणि तिच्यातला बसायचा गुण माणसाने पिढ्यान् पिढ्या जी बसली ती काढून टाक करून घालवलाय.

आपल्या देशी जातींत असील बसते पण आणि सांभाळते पण, पिल्लांजवळ कुत्रा आला तर कुत्र्याच्या तोंडावर जाते. पण असील मुळात अंडी फार कमी देते आणि पिल्लं लहान असल्यापासून एकमेकांशी भांडतात. कडकनाथ, मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, ती बसण्यात आळशी, माझ्याकडच्या दोघींपैकी एक तीन वर्षांत एकदाच बसली आणि नवव्या दिवशी अंडी टाकून निघून गेली. तिची अंडी उबवायची तर दुसरीच्या पोटाखाली घालायची हा सरळ मार्ग.

आणि आमची गावठी? ती बसतेच. बारा-पंधरा अंडी घालणार, २१ दिवस बसणार, मग पिल्लं घेऊन दोन महिने हिंडणार, मग परत. वर्षाला पन्नास-साठ अंडी, सत्तर म्हणजे डोक्यावरून पाणी. यात तिचा दोष काहीच नाही, आमच्या आज्ज्यांना ती तशीच हवी होती, मशीन कुठे होती तेव्हा. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती मात्र बसण्याच्या भानगडीत पडत नाहीत, वनराजा वर्षाला शंभर-सव्वाशे आणि ग्रामप्रिया नीट खायला घातलं तर दीडशेच्या वर देते.

इथे अजून एक गोम आहे. परसात आपण काय करतो, जी बसली तिच्याखाली तिचीच अंडी ठेवतो. जी बसत नाही तिची अंडी आपण खातो. म्हणजे दरवर्षी बसणारीचीच पिल्लं वाढतात आणि दहा वर्षांनी सगळं खुराडं बसणाऱ्यांचं. लेगहॉर्नचं जे केलं त्याच्या बरोबर उलटं आपण स्वतःच्या हाताने करत असतो आणि मग डोकं धरून बसतो.

आता उठवायचं कसं. आधी जे करू नका ते. नाकातून पीस आरपार घालणं. आमच्या शेजारच्या काकी अजून सांगतात, "अगो, नाकात पीस घाल, दोन दिसांनी उठतली." बिचारीला श्वास घेता येत नाही, जखम होते, आणि ती उठते ती वेदनेने वेडीपिशी होऊन, त्याने हार्मोन उतरत नाही. पाय बांधून ठेवणं पण तसंच. बादलीत बुडवणं मी केलंय, लाज वाटते पण केलंय, मेच्या गरमीत तासाभरात सुकली आणि परत घरट्यात. पावसात कराल तर गारठून मरू शकते. घरट्यातून उचलून अंगणात टाकणं हे तर दिवसातून दहा वेळा केलं तरी काही नाही, ती तुमच्या आधी घरट्यात पोचते.

चालतं ते एकच, पोटाखालची ऊब काढणं. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्यायचा, नाहीतर भाजीवाल्यांचा भोकांचा प्लास्टिक क्रेट असतो तसले दोन, एकावर एक पालथा. चार चिऱ्यांवर ठेवायचा, जमिनीपासून वीतभर तरी वर, म्हणजे खालून वारा लागला पाहिजे. आत गवत नाही, गोणपाट नाही, काही नाही. पाणी आणि दाणे मात्र भरपूर, उपाशी ठेवायची पद्धत चुकीची आहे, आधीच ती वाळलेली असते. उजेडात ठेवायचा पण उन्हात नाही, फणसाखाली वगैरे, आणि इतर कोंबड्या दिसतील असा. रात्रीही तिथेच, फक्त पिंजरा पडवीत घ्यायचा, नाहीतर मुंगूस, रानमांजर कोणीतरी येतंच.

नुकतीच बसली असेल तर तीन दिवस पुरतात. आठवडा-दोन आठवडे बसलेली असेल तर पाच-सहा. आणि इथे बहुतेक लोक हरतात, दुसऱ्या दिवशी ती केविलवाणी ओरडते म्हणून सोडतात आणि सगळं पहिल्यापासून. मी पण सोडली होती. आता संध्याकाळी पिंजरा उघडून बघते, दांडीवर गेली तर सुटली, घरट्याकडे धावली तर परत आत. सुटल्यावर लगेच अंडी सुरू होत नाहीत, आठवडा-दोन आठवडे जातात, जास्त दिवस बसलेली असेल तर त्याहून जास्त. म्हणून पहिल्या दिवशी पकडलेली बरी.

उठवली आणि महिन्याने परत बसली, हीच खरी तक्रार ना? तर मग घरटं बघा. अंडी दिवसातून दोनदा उचला, सकाळी अकराच्या सुमारास आणि संध्याकाळी. नवरा-बायको दोघं कामाला जाणारी असतील तर अंडी दिवसभर साठतात आणि तिथेच घोटाळा होतो, मी आता सासऱ्यांना अकराचं काम दिलंय, ते खूश, त्यांना तेवढंच कारण सापडलं बाहेर पडायला. नकली अंडी घरट्यात ठेवायची सवय असेल तर उन्हाळ्यात काढून टाका. घरट्याच्या तोंडावरचं गोणपाट काढा, थोडा उजेड जाऊ दे. रात्री घरटी बंद करा. आणि एक बसली की तिला लगेच वेगळी करा कारण एकीचं बघून दुसरी बसते, एकाच घरट्यात तीन बसलेल्या मी बघितल्यात, एकीवर एक, खालची धापा टाकतेय. मेमध्ये पत्र्याखाली अशी खालची एखादी मरते सुद्धा.

एवढं करूनही तीच कोंबडी वर्षातून चारदा बसत असेल तर ती बसणारीच आहे, तिला अंड्यांसाठी ठेवू नका, तिला तिचं काम द्या.

म्हणजे बसू द्या, पण नीट. अर्धवट नको, की अंडी काढली पण नाहीत आणि मोजली पण नाहीत. मी काय करते, दोन-तीन दिवस बघते टिकते का, मग रात्री अंधारात उचलून वेगळ्या डालग्यात ठेवते, दिवसा हलवली तर उठून जुन्या जागी पळते. खाली माती, त्यावर भाताचं तूस नाहीतर सुकं गवत. अंडी सगळी एकाच रात्री घालायची, गावठीला दहा-बारा, सिल्कीएवढ्या लहान कोंबडीला सहा-सात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण, कारण दुसरी कोणीतरी येऊन त्यात घालून जाते आणि मग २१ व्या दिवशी आठ पिल्लं आणि चार अर्धी कच्ची अंडी, आई पिल्लांमागे निघून जाते आणि ती चार वाया. रवणीसाठीची अंडी फ्रीजमधली चालत नाहीत, गार जागी टोक खाली करून ठेवायची, आमच्या गरमीत चार-पाच दिवसांच्या वर नको. सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघायचं, शिरा दिसल्या तर जिवंत, नितळ दिसलं तर काढून टाका, नाहीतर ते फुटतं आणि वास आठवडाभर जात नाही.

बसायच्या आधी पिसांत उवा आहेत का बघा आणि जवळच सुक्या राखेचा ढीग ठेवा, उठेल तेव्हा ती त्यात लोळते. उवा झाल्या की चांगली कोंबडी पण अंडी सोडून पळते. आणि मुंग्या! पिल्लू अंड्याला भोक पाडतं त्या दिवशी वासाने मुंग्या येतात आणि आतल्या आत खातात, एकदा माझी पाच पिल्लं अशी गेली. तेव्हापासून डालगं स्टुलावर आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

जून ते ऑगस्टात मी कोणालाच बसवत नाही. पिल्लं निघतात पण ओल्यात जगत नाहीत. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आमच्याकडे सगळ्यात बरा काळ, कोंबड्या तेव्हा कमी बसतात हे खरं, पण एखादी बसली तर ती सोन्यासारखी समजायची. पिल्लांना सातव्या दिवशी रानीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात थेंब, ते चुकवायचं नाही, मर आली की आख्खं खुराडं रिकामं होतं.

तर सध्याची व्यवस्था अशी. सिल्कीचा कोंबडा पुतण्याला दिला, त्याला शोभेसाठीच हवा होता. पाच बोटांच्या सहा जणींपैकी दोन ठेवल्या, फक्त बसायच्या कामाला. बाकी अंड्यांसाठी ग्रामप्रिया आणल्या आठ, एक दिवसाची पिल्लं. ती पण त्या दोघींच्याच पोटाखाली वाढवली, म्हणजे बसून दोन आठवडे तरी झालेल्या कोंबडीखाली रात्री हळूच एकेक पिल्लू सरकवायचं आणि अंडी काढून घ्यायची, सकाळी ती स्वतःचीच समजून कुकूकू करत घेऊन निघते. पहिल्या सकाळी मात्र लक्ष ठेवा, एखादी टोचून मारते पण. माझी एक टोचत होती ती गावठी होती, पाच बोटांच्या दोघींनी काही कुरकुर केली नाही.

आज सकाळी अकराला सासऱ्यांनी सात अंडी आणली. आणि त्या दोघींपैकी तांबडी परत बसलीय, रिकाम्या घरट्यात, एका चिंचोक्यावर. जुलै असता तर क्रेटमध्ये टाकली असती. पण सध्या जानेवारी आहे, तेव्हा आज रात्री तिला डालग्यात हलवणार आणि कडकनाथची सात अंडी जमवून ठेवलीत ती घालणार.